राजकीय कल बातमीच्या शेअरिंगमध्ये नेमका कुठे शिरतो?

प्रश्न असा आला आहे: सोशल मीडियावर लोक बातमी शेअर करतात ती खरी वाटते म्हणून, की आपल्या बाजूची वाटते म्हणून? आणि यात दोष माणसाचा किती, अल्गोरिदमचा, म्हणजे कोणाला काय दाखवायचं ते ठरवणाऱ्या यंत्रणेचा, किती?

थोडक्यात उत्तर हवं असेल तर, खरं-खोटं ओळखण्याची बुद्धी बहुतेकांकडे असते, पण शेअरचं बटण दाबताना ती कामाला लावलेली नसते. तिथे कल निर्णय घेतो. अल्गोरिदम त्या निर्णयाला ताकद देतो, पण सुरुवात त्याची नसते. आणि माझं ठाम मत असं की कलाचा सगळ्यात मोठा परिणाम न झालेल्या शेअरमध्ये दडलेला असतो. लोक काय पुढे पाठवतात यावर एवढं बोललं जातं, काय हातचं राखतात याकडे क्वचितच कोणी बघतं.

मी बरीच वर्षं एका वृत्तसंस्थेच्या सोशल डेस्कवर होते. आता बातम्यांच्या पडताळणीचं काम करते आणि नव्या पत्रकारांना तेच शिकवते. पुढे जे लिहिते आहे त्यात काही संशोधनातलं आहे, काही रोज पडद्यावर बघितलेलं. संशोधन बहुतांश अमेरिकेतलं आहे, कारण तिथे दोनच मोठे पक्ष असल्यामुळे माणसाचा कल मोजायला सोपा जातो आणि कंपन्यांचा डेटाही प्रामुख्याने तिथलाच मिळत आला. तेव्हा आकडे जसेच्या तसे दुसऱ्या देशाला लावू नका. माणसांची वागणूक मात्र कुठल्याही ग्रुपमध्ये ओळखीची वाटेल.

आधी विश्वास आणि शेअर या दोन गोष्टी वेगळ्या करू. २०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात गॉर्डन पेनिकुक, डेव्हिड रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं एक संशोधन प्रसिद्ध झालं. लोकांना बातम्यांचे मथळे दाखवले. काही खरे, काही खोटे. काही त्यांच्या पक्षाला सोयीचे, काही अडचणीचे. एका गटाला विचारलं, हा मथळा खरा वाटतो का? दुसऱ्या गटाला विचारलं, तुम्ही हा शेअर कराल का? पहिल्या गटाने खऱ्या मथळ्यांना ‘खरं’ म्हणण्याचं प्रमाण खोट्यांच्या तुलनेत सुमारे ५६ टक्केबिंदूंनी जास्त होतं. मथळा आपल्या पक्षाच्या सोयीचा असल्यामुळे पडलेला फरक १० च्या आसपास. दुसऱ्या गटात पारडं फिरलं. खरं-खोटं यामुळे शेअर करण्याच्या इच्छेत पडलेला फरक जेमतेम ६ टक्केबिंदू, आणि पक्षामुळे पडलेला १९. शेअर करताना अचूकता महत्त्वाची वाटते का, असं थेट विचारल्यावर मात्र बहुतेकांनी, हो, फार महत्त्वाची, असंच सांगितलं.

हे लोक ढोंगी होते असं मला वाटत नाही. कोणी विचारलं की अचूकता आठवते, आणि बटण दाबताना विचारणारं कोणी नसतं. त्या क्षणी डोक्यात दुसरेच प्रश्न असतात: ग्रुपमधले काय म्हणतील, अमक्याला हे दाखवलंच पाहिजे, कालच्या वादात आपण म्हणत होतो तेच निघालं की नाही. बातमी पुढे पाठवणं म्हणजे आपण कुठल्या बाजूला उभे आहोत हे चारचौघांत सांगणं. त्यासाठी बातमी खरी असण्यापेक्षा ती कामाची असणं जास्त उपयोगाचं.

एवढंच नाही, त्यासाठी बातमी वाचायचीही गरज पडत नाही. २०२४ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेविअर’मध्ये एस. श्याम सुंदर आणि सहकाऱ्यांनी फेसबुकवरच्या २०१७ ते २०२० या काळातल्या ३.५ कोटींहून जास्त सार्वजनिक पोस्ट तपासल्याचं मांडलं. सगळ्या पोस्टमध्ये बातम्यांच्या वगैरे लिंक होत्या. त्यांच्या हिशेबाने सुमारे ७५ टक्के शेअर लिंक न उघडता झालेले होते. राजकीय मजकुरात हे प्रमाण आणखी चढं होतं, आणि मजकूर जितका टोकाचा व शेअर करणाऱ्याच्या कलाशी जुळणारा, तितकी न उघडता पुढे ढकलण्याची प्रवृत्ती जास्त. डेस्कवर काम केलेल्या कोणालाही याचं आश्चर्य वाटणार नाही. लिंकवरचे शेअर आणि लिंकवरचे क्लिक एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी दिसतात. राजकीय बातम्यांच्या ओळीत क्लिकपेक्षा शेअर जास्त, असं अधूनमधून दिसतंच. मथळा आपल्या मनातलंच बोलतो आहे म्हटल्यावर आत काय आहे ते बघायचं कारण उरत नाही.

ट्विटरने २०२० मध्ये यावर एक साधा उपाय करून पाहिला. लेख न उघडता रीट्वीट करायला गेलं की एक सूचना यायची: आधी वाचून बघणार का? कंपनीने नंतर सांगितलं की ही सूचना दिसल्यावर लेख उघडण्याचं प्रमाण ४० टक्क्यांनी वाढलं. मनाई कसलीच नव्हती, नुसता अडथळा. तेवढ्याने फरक पडतो याचा अर्थ आधी किती निष्काळजीपणे बटण दाबलं जात होतं ते बघा.

आता प्रत्यक्ष एकच बातमी घेऊन बघू, म्हणजे कल कुठे कात्री लावतो ते दिसेल. समजा, बेरोजगारीचा तिमाही अहवाल आला. त्यात दोन गोष्टी आहेत: एकूण बेरोजगारीचा दर थोडा खाली आला, पण पंचविशीच्या आतल्या तरुणांमधला वाढला. आमची बातमी दोन्ही आकडे देते, पहिल्या परिच्छेदात एक, दुसऱ्यात दुसरा. मथळ्यात जागा कमी, म्हणून तिथे एकच बसतो. पहिल्या तासाभरात काय होतं? सरकारच्या बाजूचे लोक लिंक शेअर करतात, वर लिहितात, ‘आता बोला!’ विरोधी बाजूचे लोक लिंक शेअर करत नाहीत. ते दुसऱ्या परिच्छेदाचा स्क्रीनशॉट काढतात, त्यावर पिवळ्या रंगाने आकडा ठळक करतात आणि लिहितात, ‘हे मथळ्यात का नाही?’ दोन्ही बाजूंनी आमचीच बातमी वापरली, दोघांनीही खोटं असं काही लिहिलं नाही, आणि दोन्हीकडच्या वाचकांना अर्धाच अहवाल कळला. मथळा उलटा असता तर स्क्रीनशॉट आणि लिंक यांची अदलाबदल झाली असती, बाकी सगळं तेच.

म्हणूनच ‘फेक न्यूज’ या एकाच गोष्टीवर सगळी चर्चा अडकते तेव्हा मला चुकल्यासारखं वाटतं. शुद्ध बनावट बातमी एकूण प्रवाहात कमीच असते. खऱ्या बातमीचा सोयीचा तुकडा, खऱ्या फोटोची जुनी तारीख झाकलेली प्रत, खऱ्या भाषणातली पुढचं वाक्य कापलेली क्लिप, हा रोजचा माल. तो पडताळणीच्या चौकटीत नीट बसतही नाही. ‘खरं’ म्हणावं तर पूर्ण नाही, ‘खोटं’ म्हणावं तर शब्दन्‌शब्द बरोबर.

स्क्रीनशॉटबद्दल आणखी एक, कारण ही खूण बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. ज्या वृत्तपत्राला लोक ‘त्यांचं’ समजतात, त्याची लिंक ते देत नाहीत. त्याला क्लिक मिळू नये म्हणून फोटो काढून टाकतात. उलट त्याच वृत्तपत्राने आपल्या सोयीचं काही छापलं की लिंक आवर्जून देतात आणि वर लिहितात, ‘आता तर त्यांच्याच पेपरने कबूल केलं!’ अशी विरुद्ध गोटातून आलेली कबुली सगळ्यात वेगाने पळते. आपल्या बाजूच्या शंभर लेखांपेक्षा ती एक बातमी वजनदार मानली जाते. म्हणजे माध्यम पक्षपाती आहे ही तक्रारही टिकते आणि तेच माध्यम साक्षीदार म्हणूनही चालतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. फक्त इथे कार्टं सोयीचं बोललं की तेवढ्यापुरता बाब्या होतो.

माध्यम कोणाचं, हे ठरवण्यातही कल असतोच. १९८५ मध्ये रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी स्टॅनफर्डमधल्या प्रयोगाचे निष्कर्ष छापले. १९८२ च्या बैरूतमधल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या हत्याकांडाच्या टीव्ही बातम्यांच्या त्याच चित्रफिती इस्राएलधार्जिण्या आणि अरबधार्जिण्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. दोन्ही गटांना त्या बातम्या आपल्याविरुद्ध झुकलेल्या वाटल्या. तेव्हा सोशल मीडिया नव्हता, अल्गोरिदम नव्हता. बातमीदाराला दोन्हीकडून शिव्या बसतात हे जुनंच आहे. (त्यावरून ‘दोघंही शिव्या देतात म्हणजे आपण बरोबर’ असं समाधान काही संपादक करून घेतात. ते तर्काला धरून नाही; दोघांनाही रागवायला खरं कारण असू शकतं.)

आता कल कुठली भावना वापरतो ते बघू. सर्वसाधारण समज असा की लोक आपल्या नेत्याच्या कौतुकाच्या बातम्या शेअर करतात. करतात, पण ते पाणी फार लांब वाहत नाही. लांब जाते ती समोरच्याची फजिती. स्टीव्ह रथजे, जे व्हॅन बॅव्हल आणि सँडर व्हॅन डर लिंडेन यांनी २०२१ मध्ये वृत्तमाध्यमांच्या आणि अमेरिकी काँग्रेस सदस्यांच्या फेसबुक-ट्विटरवरच्या २७ लाखांहून जास्त पोस्ट तपासल्या. विरोधी पक्षाचा किंवा त्याच्या नेत्याचा उल्लेख करणाऱ्या प्रत्येक शब्दामागे पोस्ट शेअर होण्याची शक्यता सुमारे ६७ टक्क्यांनी वाढत होती. नकारार्थी किंवा संतापाच्या शब्दांपेक्षाही हा परिणाम मोठा होता. त्याआधी २०१७ मध्ये विल्यम ब्रॅडी आणि सहकाऱ्यांनी बंदूक-नियंत्रण, समलिंगी विवाह आणि हवामानबदल या तीन विषयांवरची ट्वीट तपासली होती. नीती आणि भावना दोन्हींना हात घालणारा एकेक शब्द वाढला की प्रसार सुमारे २० टक्क्यांनी वाढे. पण तो प्रसार मुख्यतः आपल्याच गोटात होई, पलीकडे फार कमी जाई. हा तपशील मला जास्त महत्त्वाचा वाटतो. संतप्त पोस्ट लिहिणाऱ्याला वाटत असतं की तो समोरच्याला सुनावतो आहे. ऐकायला असतात सगळे घरचेच.

डेन्मार्कमधल्या माथियास ऑस्मुंडसेन, मायकल बँग पीटरसन आणि सहकाऱ्यांनी याच प्रश्नाची दुसरी बाजू तपासली. सुमारे २,३०० अमेरिकी ट्विटर वापरकर्त्यांची सर्वेक्षणातली उत्तरं त्यांनी त्यांच्या प्रत्यक्ष शेअरिंगशी जोडली. खोट्या राजकीय बातम्या कोण पसरवतं, याचं उत्तर अडाणी माणसं असं आलं नाही. विरोधी पक्षाचा तिटकारा ज्यांना जास्त, ते जास्त पसरवतात असं दिसलं. आणि तेच लोक समोरच्याला अडचणीत आणणाऱ्या खऱ्या बातम्याही शेअर करतात. कामाचं हत्यार मिळालं की झालं. डिजिटल साक्षरतेचे वर्ग घेऊन हा प्रश्न मिटेल असं मानणाऱ्यांनी याचा विचार करावा. मी स्वतः असे वर्ग घेते, आणि उपयोग होतो तो गोंधळलेल्यांना. ज्याला समोरच्याचा राग आहे तो वर्गात शिकलेलं कौशल्य समोरच्याच्या बातम्या तपासायला वापरतो.

दोन्ही बाजू सारख्याच का? हा प्रश्न प्रत्येक कार्यशाळेत येतो आणि विचारणाऱ्याला बहुधा ठरावीक उत्तर हवं असतं. माझं उत्तर असं की वर सांगितलेली प्रवृत्ती दोन्हीकडे सापडते, पण तिचा निकाल दोन्हीकडे सारखा लागेलच असं नाही. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीत अँड्रू गेस, जोनाथन नॅगलर आणि जोशुआ टकर यांना असं दिसलं की फेसबुकवर खोट्या बातम्यांच्या संकेतस्थळांच्या लिंक मुळात फार थोड्यांनीच शेअर केल्या, ८.५ टक्के लोकांनी. रिपब्लिकनांमध्ये हे प्रमाण १८ टक्के, डेमोक्रॅटांमध्ये ३.५. मात्र त्या वर्षी असा बहुतेक बनावट माल ट्रम्प यांच्या बाजूचाच तयार होत होता. दुकानात एकाच बाजूचा माल भरलेला असेल तर गिऱ्हाईकही त्याच बाजूचं दिसणार. पुढे २०२० च्या ट्विटर डेटावर मोहसेन मोसलेह आणि सहकाऱ्यांनी ९,००० खाती तपासली. ट्रम्पसमर्थक हॅशटॅग वापरणारी खाती नंतर बंद होण्याचं प्रमाण बायडनसमर्थकांच्या ४.४ पट होतं. पक्षपात? त्यांनी बातम्यांच्या स्रोतांचा दर्जा दोन्ही पक्षांच्या समसमान सामान्य लोकांकडून ठरवून घेतला, तरी ट्रम्पसमर्थक खाती कमी दर्जाच्या स्रोतांच्या लिंक जास्त देताना दिसली. म्हणजे नियम सगळ्यांना सारखा लावूनही शिक्षेचं पारडं एका बाजूला झुकू शकतं. याचा अर्थ जगभर उजवे असे आणि डावे तसे, असा कोणी काढू नये. त्या देशातल्या, त्या वर्षातल्या माध्यमांची ती हकिगत आहे.

त्याच २०१६ च्या अभ्यासात वय हा कलाइतकाच, किंबहुना जास्त बोलका घटक निघाला: ६५ च्या वरच्यांनी सर्वात तरुण गटाच्या जवळपास सातपट लिंक शेअर केल्या, पक्ष कुठलाही असो. आणि ट्विटरवर तर नीर ग्रिनबर्ग आणि सहकाऱ्यांना दिसलं की बनावट स्रोतांच्या एकूण शेअरपैकी ८० टक्के शेअर अवघ्या ०.१ टक्के लोकांनी केले होते. हजारांत एक. ‘बॉट (आपोआप चालणारी खाती) करतात हे सगळं’ असं म्हणायची सोय आहे, पण २००६ ते २०१७ मधल्या ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० अफवा आणि बातम्या तपासणाऱ्या एमआयटीच्या संशोधनात (वोसूघी, रॉय, अरल, २०१८) बॉटनी खरं आणि खोटं सारख्याच वेगाने पसरवलेलं निघालं. खोट्याला जास्त वेग दिला तो माणसांनी.

मग अल्गोरिदमचं काय? २०१५ मध्ये फेसबुकच्याच संशोधकांनी आपला कल जाहीर केलेल्या १ कोटीहून जास्त अमेरिकी वापरकर्त्यांचा डेटा तपासला. विरुद्ध विचारांच्या बातम्या गळतात त्या तीन ठिकाणी: मित्र कोण आहेत, फीड काय दाखवतं, आणि दिसलेल्यातलं आपण काय उघडतो. सगळ्यात मोठी गळती पहिल्याच ठिकाणी, मित्रांच्या निवडीत. फीडच्या क्रमवारीने होणारी गळती त्यामानाने लहान. संशोधक कंपनीचे पगारी होते हे लक्षात ठेवूनच वाचायला हवं, पण त्यांचा हिशेब सगळाच सोयीचा म्हणून उडवून लावता येणार नाही. २०२० च्या निवडणुकीच्या काळात बाहेरच्या विद्यापीठांतल्या संशोधकांना मेटासोबत (फेसबुकची मालक कंपनी) प्रयोग करता आले, त्यांचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. एका प्रयोगात लोकांच्या फीडमधला समविचारी स्रोतांचा मजकूर सुमारे एक तृतीयांशाने कमी केला. दुसऱ्यात रीशेअर केलेल्या पोस्ट काढून टाकल्या. फीड बदललं, दुसऱ्या प्रयोगात अविश्वसनीय स्रोतांचा मजकूरही घटला, पण तीन महिन्यांनी लोकांच्या राजकीय मतांत किंवा परस्परद्वेषात मोजता येईल असा फरक पडला नाही. रीशेअर काढल्याने बातम्यांबद्दलची माहिती मात्र थोडी कमी झाली, कारण राजकीय बातम्याच कमी दिसू लागल्या.

याचा अर्थ अल्गोरिदम निर्दोष आहे असा नाही. तीन महिन्यांत माणूस बदलला नाही म्हणजे दहा वर्षांत माध्यमं आणि पक्ष बदलले नाहीत असं होत नाही. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने कमेंट आणि शेअर यांना जास्त वजन देणारी क्रमवारी आणली तेव्हा आमच्यासारख्या डेस्कनी काय केलं? ज्या मथळ्यावर भांडण होईल तो मथळा वर ठेवायला शिकलो, कारण भांडणाला कमेंट येतात. कोणी लेखी आदेश दिला नव्हता. रोजचे आकडे बघून हात आपोआप तिकडे वळतात. राजकीय पक्षांचे सोशल मीडिया सांभाळणारेही तेच शिकले. अल्गोरिदमचा वाचकावरचा परिणाम मोजणं सोपं, लिहिणाऱ्यावरचा अवघड, आणि मला दुसऱ्याची जास्त धास्ती वाटते.

ज्यांना सगळा दोष यंत्राला द्यायचा आहे त्यांनी मेसेजिंग ॲप बघावीत. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये क्रमवारी लावणारं कोणी नाही. जे आलं ते आल्या क्रमाने दिसतं. तरी तिथेही राजकीय बातम्यांचं तेच होतं. कंपनीने २०१८ पासून फॉरवर्डवर मर्यादा आणल्या, २०१९ मध्ये जगभर एका वेळी पाच चॅटची, आणि एप्रिल २०२० मध्ये आधीच अनेकदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल अशी. त्यानंतर असे फार फिरलेले मेसेज ७० टक्क्यांनी कमी झाल्याचं कंपनीने सांगितलं. लोकांचा कल तोच राहिला, कमी झाली ती बटण दाबण्यातली सोय.

आता न झालेल्या शेअरकडे येते, कारण मला मुख्यतः हेच सांगायचं आहे.

२०१२ च्या अमेरिकी निवडणुकीत फॅक्ट-चेक, म्हणजे दाव्यांची पडताळणी करणारे लेख, ट्विटरवर कसे फिरले याचा अभ्यास जिएऊन शिन आणि केर्स्टिन थॉर्सन यांनी केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. लोक फॅक्ट-चेक शेअर करत होते, पण आपल्या उमेदवाराला उचलून धरणारे किंवा विरोधकाला पाडणारे तेवढेच. पडताळणी करणारा कोण, पद्धत काय, याच्याशी देणंघेणं नाही. निकाल कोणाच्या बाजूने लागला तेवढं बघायचं. आमच्या डेस्कवरचा अनुभव हुबेहूब हाच. एका बाजूचा खोटा दावा आम्ही खोडला की ती पोस्ट दुसऱ्या बाजूच्या पानांवर दणक्यात फिरते. ज्यांच्यात तो दावा फिरला होता त्यांच्याकडे मात्र शांतता. तिथे कोणी आम्हाला शिव्याही देत नाही, वादही घालत नाही, नुसती ती पोस्ट कोणी पुढे पाठवत नाही. परिणाम असा की खुलासा पोचतो तो ज्यांनी ती थाप कधी ऐकलीच नव्हती त्यांच्यापर्यंत. त्यांच्यासाठी तो खुलासा राहत नाही, ‘बघा, हे लोक कसे थापा मारतात’ याचा आणखी एक पुरावा होतो. आणि ज्यांना त्याची गरज होती त्यांच्या लेखी ती थाप अजून खरीच असते.

हे मौन पुष्कळदा जाणूनबुजून नसतंही. आपल्या बाजूच्या नेत्याचा घोटाळा उघडकीला आला की माणूस म्हणतो, अजून नीट कळलेलं नाही, जरा थांबू. हा संयम अगदी योग्य आहे. फक्त समोरच्याचा घोटाळा निघतो त्या दिवशी तो आठवत नाही. कोणाच्याही खात्यावर जाऊन महिनाभरात त्याने काय टाकलं ते बघू नका. त्या महिन्यात ज्या मोठ्या बातम्या आल्या त्यांची यादी करा आणि त्यातल्या कुठल्या त्याने टाकल्या नाहीत ते बघा. कल तिथे जास्त स्वच्छ दिसतो. नव्या पत्रकारांना मी हा अभ्यास आधी स्वतःच्या खात्यावर करायला लावते. वर्गात त्यानंतर थोडा वेळ फारसं कोणी बोलत नाही.

मौनाचा दुसरा प्रकार मधल्या लोकांचा. ज्यांचा कल सौम्य आहे, किंवा मुद्द्यागणिक बदलतो, ते राजकीय बातम्या शेअरच करत नाहीत. कशाला उगाच कोणाचा रोष? प्यू रिसर्च सेंटरने २०१९ मध्ये दाखवलं की अमेरिकेतल्या प्रौढ ट्विटर वापरकर्त्यांपैकी सर्वात सक्रिय १० टक्क्यांकडून ८० टक्के ट्वीट येतात. त्यामुळे पडद्यावर जो समाज दिसतो तो दोन टोकांच्या बोलक्या माणसांचा असतो. मग प्रत्येक बाजूला वाटतं, समोरचे सगळेच असे आहेत, आणि त्या समजुतीतून पुढचा शेअर होतो.

उपायांबद्दल विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच असतो म्हणून थोडं लिहिते. ‘दोन्ही बाजूंच्या लोकांना फॉलो करा’ हा लोकप्रिय सल्ला मी देत नाही. ख्रिस बेल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना महिनाभर विरुद्ध बाजूच्या नेत्यांची मतं पुढे पाठवणारं खातं फॉलो करायला लावलं. रिपब्लिकन त्यामुळे आणखी परंपरावादी झाले. डेमोक्रॅटांमध्ये ठोस फरक दिसला नाही. समोरच्या गोटातल्या सगळ्यात आक्रमक आवाजांची रोज हजेरी लावून मन मोकळं होत नाही. चारचौघांत चूक दाखवण्याचंही तसंच. मोसलेह आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ट्विटरवर खोट्या राजकीय बातम्या टाकणाऱ्या सुमारे २,००० लोकांना जाहीर उत्तरात सौम्यपणे दुरुस्ती पाठवली, सोबत फॅक्ट-चेकची लिंक. नंतरच्या २४ तासांत त्यांच्या रीट्वीटमधल्या बातम्यांचा दर्जा आणखी घसरला. चूक दाखवली गेली, माणूस आपल्या कळपात आणखी आत सरकला.

जे थोडंफार काम करतं ते फारच साधं आहे. पेनिकुक-रँड यांच्या त्याच संशोधनात ५,००० हून जास्त ट्विटर वापरकर्त्यांना खासगी मेसेजमधून एका अराजकीय मथळ्याबद्दल एवढंच विचारलं, हा खरा वाटतो का? कुठलाही उपदेश नाही, त्यांच्या कुठल्या पोस्टचा उल्लेख नाही. त्यानंतर त्यांनी शेअर केलेल्या बातम्यांच्या स्रोतांचा सरासरी दर्जा थोडा सुधारला. परिणाम लहान होता आणि फार काळ टिकेल असा दावा कोणी करत नाही. पण अचूकतेचा प्रश्न आधी आठवून दिला तर कलाला थोडं मागे सरावं लागतं, एवढं त्यातून दिसतं. ओळखीच्या माणसाने ग्रुपमध्ये काही चुकीचं टाकलं तर मी ग्रुपवर काहीच लिहीत नाही. त्यांना वेगळा मेसेज करते: ‘हे कुठून आलं हो? मला पूर्ण बातमी सापडत नाहीये.’ बरेचदा ते स्वतःच शोधतात, सापडत नाही, आणि पोस्ट काढून टाकतात. काढल्याचं ग्रुपवर सांगत नाहीत, मीही सांगत नाही.

डेस्कवर आम्ही दोन सवयी बदलल्या. फॅक्ट-चेकच्या मथळ्यात आधी पक्षाचं नाव असायचं, ‘अमुक पक्षाचा दावा खोटा’ असं. आता मथळ्यात दावा आणि वस्तुस्थिती एवढंच असतं, पक्षाचं नाव आत. मथळ्यातच शत्रूची खूण दिसली की ज्यांनी वाचायला हवं ते तिथेच थांबतात. आणि खुलाशात शक्य असेल तिथे ज्यांच्या बाजूने तो दावा फिरला त्यांच्याच गोटातल्या माणसाचं किंवा त्यांना मान्य असलेल्या संस्थेचं म्हणणं आधी घेतो. शेअरचे एकूण आकडे यामुळे खाली आले, कारण विजयाची आरोळी ठोकायला आमची पोस्ट आता तितकीशी उपयोगी पडत नाही. मात्र ते आकडे कुठून येतात ते तपासलं तर, ज्या पानांवर आधी आमचं नावही दिसत नसे तिथूनही अधूनमधून एखादा शेअर आलेला असतो.